मदत हवी आहे: माळवद (लाकडी तुळयांवरचं मातीचं सपाट छत) गळतंय, मालक दाद देत नाही. दुरुस्ती आपणच करून भाड्यातून कापता येते का? (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

साखर पेठेतल्या एका जुन्या वाड्यात आम्ही भाड्याने राहतो. सासऱ्यांनी १९९१ साली जागा घेतली, तेव्हापासूनचे आहोत. लेखी करार नाही, सगळं तोंडी. भाडं ३,२०० रुपये. थोरले मालक होते तोवर वहीत सही करायचे. ते गेले. मुलगा पुण्याला असतो, त्याला फोनवरून पाठवते.

थोरले मालक दर उन्हाळ्यात माळवदावर पांढरी माती टाकून घ्यायचे, कधी थेंब आला नाही. गेली चार वर्षं मातीची एक पाटी वर गेलेली नाही. आपल्याकडे जून-जुलै कोरडे गेले तरी सप्टेंबर काही सोडत नाही. यंदा दोन रात्री शिलाई मशीन पलंगावर चढवून वर छत्री धरून बसले होते. (युनिफॉर्म शिवायचं काम करते, मशीन गेलं की सगळंच गेलं.) मधल्या तुळईला वाळवी लागलीय, बोटाने दाबलं तरी भुगा पडतो. भाकरीचं पीठ मळताना परातीत माती पडते, म्हणून दाराच्या उंबऱ्याशी बसून मळते.

मालकाला सात-आठ फोन केले, फोटो पाठवले. शेवटी म्हणाला, "वहिनी, या भाड्यात माती पण येत नाही. जमत नसेल तर मोकळं करा." वर नळ बंद करायची धमकी. आधीच पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यात हे! बिल्डरशी बोलणं चाललंय अशी गल्लीत कुजबुज आहे. वाडा पडला तर बरंच, असा हिशेब असेल.

गवंड्याने तुळई बदलून नवी माती टाकायचे २२,००० सांगितले. आमचे हे म्हणतात, भाडंच बंद करू, येईल नाक घासत. मला धाकधूक वाटते. काय करावं?

जुना भाडेकरू:
ताई, भाडं अजिबात थांबवू नका. मालकाला तेच हवंय. थकबाकी झाली की त्याच्या हातात आयतं कारण येतं. मागणीची नोटीस दिल्यावर ९० दिवस थांबावं लागतं त्याला, पण ती वेळच कशाला आणायची?

तुमचा मार्ग कायद्यात आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम १४. जागा राहण्याजोगी ठेवणं मालकाचं काम. त्याने टाळलं तर किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यायची आणि तरीही हलला नाही तर स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापायचा. मात्र वर्षाला जास्तीत जास्त वर्षाच्या भाड्याचा चौथा हिस्सा. तुमचं वर्षाचं ३८,४००, म्हणजे कापता येतील ९,६००. २२,००० त्यात बसत नाहीत. त्याच माळवदाखाली आणखी कोणी राहतं का?

मी (धागाकर्ती):
हो, दोन बिऱ्हाडं आहेत. दोघांचं भाडं २,४०० प्रत्येकी.

जुना भाडेकरू:
मग झालं की काम! नोटीस तिघांनी मिळून देता येते. खर्च ज्याच्या त्याच्या भाड्याच्या प्रमाणात वाटायचा. तुमच्याकडे ८,८००, त्या दोघांकडे ६,६०० प्रत्येकी. त्यांची मर्यादा ७,२०० आहे, म्हणजे तिघेही आत. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपून ठेवा. गवंड्याकडून, लाकूडवाल्याकडून सहीची पावती घ्या. "लिहून काय करायचंय ताई" म्हणतील, तरी घ्या. कापून उरलेलं भाडं दर महिन्याला न चुकता पाठवा. घेतलं नाही तर मनीऑर्डर करा.

आणि नळाचं. पाणी, वीज तोडायची मालकाला मुभा नाही, कलम २९ आहे. तोडलंच तर दिवाणी न्यायालयात अर्ज करता येतो.

पेठेतला:
महापालिकेत धोकादायक इमारत म्हणून तक्रार करा, दोन दिवसांत सरळ होईल.

जुना भाडेकरू:
दादा, जपून. ती दुधारी सुरी आहे. महापालिका दुरुस्ती करा म्हणू शकते, तसं घर रिकामं करा असंही म्हणू शकते. तुळई खरंच आज-उद्या कोसळणार असेल तर जीव आधी, लगेच तक्रार करा आणि त्या खोलीत झोपू नका. नाहीतर आधी नोटीस. (हे सगळं जुन्या भाडेकरूंसाठी बरं का. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवाल्यांनी आपला करार काढून बघावा, त्यांचं गणित वेगळं असतं.)

मी (धागाकर्ती):
फार उपकार झाले. थोरल्या मालकांच्या सह्यांची वही ट्रंकेत सापडली, १९९१ पासूनची. मधलं बिऱ्हाड सही करायला तयार आहे. मागच्या आजी मात्र म्हणतात, "मालकाच्या बापाने मला वेळेला उधार दिलं होतं, मी त्याच्या पोराला नोटीस देणार नाही." त्यांच्याशिवाय दोघांनीच नोटीस दिली तर कापायची मर्यादा किती होईल? १६,८०० ना? मग वरचे ५,२०० तूर्त आम्हीच घालायचे, की माती आत्ता आणि तुळई पुढच्या वर्षी?