दुपारचा टीव्ही, आजोबा आणि सव्वादोन वर्षांची लेक: एकच भाग कसा ठेवायचा?

अकोल्याची_आई
मे महिन्यात आमच्याकडे अकरा वाजले की दारंखिडक्या बंद. पारा ४४-४५ वर असतो, अंगणात पाय ठेवला तरी चटका बसतो. सकाळ कशीही निघते. सासूबाई आणि मी गच्चीवर कुरडया घालतो, लेक चीक चाखत फिरते. प्रश्न जेवणानंतरचा आहे.

तेव्हा सासरे मोबाइलवरून टीव्हीवर ‘मालगुडी डेज’ ही जुनी मालिका लावतात. आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रं दिसली आणि ते ‘ता ना ना’ सुरू झालं की ही असेल तिथून धावत येते आणि आबांच्या मांडीवर चढते. त्यातल्या स्वामी या शाळकरी मुलाला ती ‘चामी’ म्हणते. हिंदी तिला कळत नाही, आबा शेजारी वऱ्हाडीत सांगत असतात: पाय (म्हणजे पाहा), चामी शाळेत चालला, पाय, त्याचे बाबा रागावले. बाबा म्हणजे गिरीश कर्नाड, पण तिच्या लेखी ते ‘लागीट बाबा’! गुडघ्यांमुळे आबांना तिच्यामागे पळता येत नाही. ही वेळ त्या दोघांची आहे आणि ती मला मोडायची नाही.

पण भाग संपला की ‘अजून चामी’ म्हणत ती लोळण घेते, आबा विरघळतात, दुसरा भाग लागतो. हल्ली सकाळी उठल्या उठल्या रिमोट शोधते. टीव्ही बंदच करा, असं कृपया सांगू नका. एकच भाग, रडारड न होता, कसा ठेवता येईल?

सोलापूरची_आजी
अगं, आबांचं सुख अजिबात मोडू नकोस. माझा नातूही याच वयाचा आहे. दोन गोष्टी कर. बंद करायचं बटण तिलाच दाबू दे. नावं वर सरकायला लागली की ‘चामीला टाटा कर’ म्हणायचं आणि रिमोट तिच्या हातात द्यायचा. आपण बंद केलं की हिसकावल्यासारखं होतं, तिने केलं की ते तिचं काम होतं.

दुसरं, पुढचा उद्योग भाग संपायच्या आधीच मांडून ठेव. मी न्हाणीघरात परातीत पाणी, दोन वाट्या आणि गाळणी ठेवते. टीव्ही बंद झाला की थेट तिकडे. मध्ये पाच मिनिटं रिकामी गेली की रडणं आलंच. आणि टीव्हीवर जुनी ओढणी टाक. दिसला नाही की मागणीही कमी होते.

पिंपरीचा_बाबा
आपोआप पुढचा भाग सुरू होण्याची सोय ॲपच्या सेटिंगमध्ये बंद करा. आमचं निम्मं भांडण तिथेच मिटलं. आयपीएलमध्ये मी लेकाबरोबर फक्त पॉवरप्लेची सहा षटकं पाहतो. पंचांसारखे दोन्ही हात वर करून तो षटकार देतो, मग जेवण.

बालवाडीताई
जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसून स्क्रीन पाहण्यासाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि कमी असेल तितकं चांगलं. त्याच सूचनांमध्ये दिवसभरात मिळून तीन तास हालचालही सांगितली आहे. तुमच्या उन्हात मला हालचालीचीच जास्त काळजी वाटते. घरात उशांचे डोंगर करा, संध्याकाळी ऊन उतरलं की बाहेर न्या. आबा शेजारी बसून बोलतात, ते मोलाचं आहे. मूल एकटं पाहतं तेव्हा ते बोलणंच हरवतं. फक्त जेवताना आणि झोपायच्या आधीचा तासभर टीव्ही नको.

अकोल्याची_आई
सगळ्यांचे आभार. आपोआप सुरू होणारं बंद केलं. आबांना सगळं वाचून दाखवलं, ते एका भागाला कबूल आहेत. उरलेला चामी ते रात्री गच्चीवर तोंडी सांगणार आहेत. आजी, परातीत आणखी काय काय देता? गाळणीचं मला सुचलंच नसतं.

सोलापूरची_आजी
चहाची गाळणी, नारळाची करवंटी, पिचकारी. भेंडीचे देठही दे, ते तरंगतात. आणि तू तिथेच बस हं, पाण्याजवळ एकटं सोडायचं नाही.