'ट्रॅकिंग'ला काय म्हणावं?

सांगली
नमस्कार. आमच्या वाचनालयात मी ज्येष्ठांना मोबाईल शिकवते. त्यांच्यासाठी एकपानी माहिती लिहायला बसले आणि 'वेब ट्रॅकिंग'पाशीच अडले. परवा एक काकू म्हणाल्या, "गुडघ्याचा पट्टा एकदाच बघितला गं. आता लोणच्याची कृती उघडली तरी पट्टाच पुढं येतोय. कोण बघतंय मला?" त्यांना कुठला शब्द देऊ? पाळत, मागोवा, पाठलाग? आणि प्रायव्हसीला 'गोपनीयता' लिहायला मन घेत नाही.

विटा
ताई, 'माग काढणे' घ्या. नुसतं 'माग' लिहिलंत तर आमच्या गावात आधी यंत्रमागच ऐकू येईल. 'मागोवा' नको, तो आपण इतिहासाचा घेतो, वर्षभराच्या कामाचा घेतो. त्याला वाईट वास नाही. 'पाळत' ठरावीक माणसावर ठेवतात. इथं काकूंना नावानं कुणी ओळखतच असेल असं नाही. जाहिरातवाल्याची कुकी, म्हणजे ओळखीची छोटी खूण, त्यांच्या ब्राउझरमध्ये पडते, आणि दुसऱ्या साइटवर तोच जाहिरातवाला असला की ती वाचतो. पाऊल उमटलं, त्यावरून काढला तो माग.

कराड
विटेकरांशी सहमत. जुन्या गावगाड्यात चोरी झाली की राखणदार पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जायचा. माग शीव ओलांडून गेलेला दिसला की पुढची जबाबदारी त्या गावाची. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालात ही रीत आली आहे. थर्ड-पार्टी कुकीत, म्हणजे साइटवाल्याच्या नव्हे तर तिऱ्हाइताच्या कुकीत, नेमकी ही शीवच नाही, एकच माग काढणारा गावोगाव बसलेला. फायरफॉक्स ब्राउझरनं २०२२ पासून आपणहून प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या ठेवायला सुरुवात केली, ती मला शीव घातल्यासारखी वाटते. 'डू नॉट ट्रॅक' ही तर ब्राउझरनं केलेली नुसती विनंती होती. पाळायचं बंधन नव्हतं, म्हणून बहुतेकांनी पाळलीच नाही.

फिंगरप्रिंटिंगला मात्र 'माग' चालणार नाही. तिथं फोनमध्ये खूण ठेवावी लागत नाही. स्क्रीनचा आकार, भाषा, टाइमझोन, संगणकावरचे फॉन्ट, सगळं जुळवून तुमचं यंत्र ओळखतात. हौसेनं चार मराठी फॉन्ट टाकलेले असले तर ते आणखी उठून दिसतं. त्याला 'ठसा' म्हणा. कुकी पुसता येते, ठसा पुसता येत नाही.

सांगली
'माग' आणि 'ठसा' दोन्ही घेतले. 'गोपनीयता' काढून टाकली. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला जो मूलभूत हक्क मानला, त्यालाही मी 'खासगीपणाचा हक्क'च म्हणेन. गोपनीय म्हटलं की काहीतरी लपवलंय असं वाटतं, आणि दुखरा गुडघा काही लपवायची गोष्ट नव्हे. काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग आडोसा म्हण की. न्हाणीला आडोसा करतो, तो काय चोरी लपवायला?" तोच शब्द पानावर घातला: 'सेटिंगमध्ये जाऊन थर्ड-पार्टी कुकीज बंद करा, तेवढा आडोसा होतो. ठशाला तो पुरत नाही.'

आता एक क्रियापद राहिलं. ठसा 'उमटतो' लिहू की 'घेतात'?

विटा
'घेतात'. उमटतो म्हटलं की घेणारा वाक्यातून निसटतो.