डिप्लोमा मेकॅनिकल, फ्रेशर: रिझ्युमेतून काय कापू?

प्रश्न: सीएनसीचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं) सहा महिन्यांचं ट्रेनिंग झालंय, चाकणला मुलाखती आहेत. रिझ्युमे दोन पानी झालाय.

उत्तर १: वडिलांचं नाव, धर्म, छंद, डिक्लरेशन काढ, एका पानात बसेल. ट्रेनिंग सगळ्यात वर घे. 'सीएनसीचं ज्ञान' यातून काहीच कळत नाही. 'फानुक कंट्रोलवर टर्निंग, टूल ऑफसेट देणं, मायक्रोमीटरने ०.०१ मिमीपर्यंत मोजमाप' असं लिही. हात लावलाय तेवढंच मात्र. जी७१ची सायकल (टर्निंगमध्ये जादा धातू थराथराने काढायचा प्रोग्रामचा कोड) समोर लिहून दाखवायला सांगू शकतात.

उत्तर २: दोन कॉलमचा टेम्प्लेट टाळ. नोकरीच्या पोर्टलची काही सॉफ्टवेअर ओळी आडव्या वाचतात, मजकुराची सरमिसळ होते. पीडीएफच पाठव, फाईलला स्वतःचं नाव आणि पद दे.

प्रश्नकर्ता: एटीकेटी (नापास झालेला विषय घेऊन पुढच्या वर्षात जाणं) लिहू?

उत्तर १: सुटली असेल तर नको. विचारलं तर विषयासकट खरं सांग.