पीक हिरवंगार, म्हणजे आर्सेनिक नाही?

बांधावरचा: काल इथे एकाने लिहिलं, ‘बंगालात आर्सेनिकचा उगाच बाऊ केलाय. विष असतं तर भात उभाच राहिला नसता.’ वाचून डोकं फिरलं. अहो, तिथलं बोरो, म्हणजे उन्हाळी धान उथळ ट्यूबवेलवर होतं. हंगामाला मीटरभर पाणी धरा. लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम आर्सेनिक असलं, तरी हेक्टरी १ किलो शेतात उतरतं. पाणी तुंबलं की मातीतल्या लोहाला चिकटलेलं आर्सेनिक सुटतं आणि भाताची मुळं सिलिका घेतात त्याच वाटेने आत शिरतं. रोप मरत नाही, हीच तर गोम आहे! मुळं आखूड, फुटवे कमी. फारच झालं तर दाणा भरत नाही, लोंबी पोचट, भार नसल्याने ताठ उभी. पण वरून सगळं हिरवं दिसत असतानाही तांदळात आर्सेनिक असू शकतं.

हिशेबी नाना: ते लिहिणारा मीच. ट्यूबवेल नसत्या तर बंगालने खाल्लं काय असतं? घरात बसून हेक्टरी किलो मोजणं सोपं आहे. इकडे डीएपी खताच्या एका पोत्यासाठी दिवस मोडतो, त्यावर कुणी धागा काढत नाही.

बांधावरचा: डीएपीचं इथे काय काम?

नदियाची सून: माझं सासर बंगालातल्या नदिया जिल्ह्यात, चाकदहाजवळ. पंपाच्या तोंडाशी धान खुरटं, बांधाच्या टोकाला बरं. सासरे खताला दोष देत राहिले, दोन वर्षं जास्त खत ओतलं. त्याच शेतात पावसावरचं आमन धान मात्र छान यायचं.

मालवणी खाजा: एवढं कशाला? भरपूर पाण्यात भात शिजवा आणि उरलेलं पाणी वेळून काढा. बरंचसं आर्सेनिक पाण्याबरोबर जातं. कुकरने वाट लावली सगळ्यांची.

हिशेबी नाना: आणि वेळलेल्या पाण्याचं काय करता?

मालवणी खाजा: पेज. मीठ घालून पितो.

हिशेबी नाना: वा! म्हणजे भातातून काढून वाटीतून प्यायचं!!

मालवणी खाजा: आमच्या आजीने नव्वदीपर्यंत पेजच प्यायली. तुमच्या कुकरवाल्यांत दाखवा एक.

नदियाची सून: आजी कोकणातली ना? आमच्याकडे शिजवायचं पाणीसुद्धा तसल्याच ट्यूबवेलचं होतं. भात कितीही वेळला तरी फरक काय पडणार?

बांधावरचा: धागा भाताच्या रोपाबद्दल आहे, पेजेबद्दल नाही. शेत अधूनमधून सुकू दिलं तर दाण्यातलं आर्सेनिक कमी होतं, एवढंच म्हणतोय. ट्यूबवेल बंद करा असं कुठे लिहिलंय ते दाखवा.

हिशेबी नाना: सुकवलं की दाण्यात कॅडमियम वाढतं, तोही विषारी धातूच. हे सोयीस्कर गाळलंत.

बांधावरचा: जिथे मातीत कॅडमियम आहे तिथे वाढतं, खरंय. इतकं माहीत होतं तर काल ते वाक्य का लिहिलंत?

हिशेबी नाना: बरं बाबा, हिरवं म्हणजे स्वच्छ नव्हे. घ्या, मान्य. आता सत्कार करा. पण त्या सासऱ्यांना पंपाऐवजी पाणी कोण देणार, तेही सांगा.

नदियाची सून: कुणी नाही दिलं. सासऱ्यांनी पंपाजवळच्या तुकड्यात मोहरी लावली.

मालवणी खाजा: पेज मी सोडणार नाही. पावसावरचा तांदूळ आहे आमचा.