ल्युबके-इंग्रजी
जर्मन आणि इंग्रजीची सरमिसळ झाली की गंमत होते: इंग्रजीत 'गिफ्ट' म्हणजे भेट, पण जर्मनमध्ये विष! जर्मन वाक्याचं शब्दाला शब्द इंग्रजी केलं तरी तेच. १९६५ साली राणी एलिझाबेथ पश्चिम जर्मनीत आल्या, तेव्हा राष्ट्राध्यक्ष हाइनरिश ल्युबके त्यांना 'इक्वल गोज इट लूज' म्हणाले, असं सांगतात. मूळ जर्मन वाक्य 'ग्लाइश गेट एस लोस', म्हणजे 'आता सुरू होईलच'. 'ग्लाइश'चे अर्थ दोन, लगेच आणि समान. नको तो उचलला की झालं! पण हे वाक्य 'डेर श्पीगल' या जर्मन साप्ताहिकवाल्यांनीच रचल्याचं पुढे छापून आलं. ल्युबकेंच्या माथी ते उगाच मारलं गेलं, याचं वाईट वाटतं.

माझा सगळ्यात लाडका किस्सा मात्र 'यू कॅन से यू टू मी'. जर्मनमधलं 'झी' आणि 'डू' म्हणजे आपलं अहो-जाहो आणि अरे-तुरे. इंग्रजीत दोन्हींना 'यू'च, त्यामुळे 'मला अरे म्हण' हे प्रेमाचं आमंत्रण समोरच्यापर्यंत पोचतच नाही!