एटन लेकर्सला चालेल, पण लुकाला हवा तसा खेळला तर

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या लेकर्स संघाने सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) डिआंड्रे एटनला घेतलं, त्यावर ‘पोर्टलंडने पैसे देऊन सोडलेला एटन आळशी आहे, लेकर्सने घ्यायलाच नको होता’ असं मत एकाने मांडलंय, ते जरा टोकाचं वाटतं. २०२५च्या प्लेऑफमध्ये (बाद फेऱ्यांत) मिनेसोटाविरुद्ध लेकर्सचं काय झालं ते आठवा. चौथ्या सामन्यात लेकर्सचा प्रशिक्षक रेडिकने दुसऱ्या हाफमध्ये एकही बदली न करता तेच पाच जण खेळवले, कारण विश्वास टाकावा असा सेंटर बाकावर नव्हताच. पाचव्यात मिनेसोटाचा सेंटर गोबेरने २७ गुण आणि २४ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू) ओरबाडले. गोबेर, ज्याच्या हातात चेंडू टिकत नाही म्हणून सगळे हसतात! तिथे सात फुटी एटन नुसता उभा राहिला असता तरी फरक पडला असता.

माझी शंका वेगळी आहे. लेकर्सचा मुख्य खेळाडू लुका डॉन्चिच आधी डॅलसमध्ये होता, तिथे त्याला लाइव्हली आणि गॅफर्ड हे सेंटर मिळाले होते. स्क्रीन लावायचा (लुकाच्या मागच्या बचावपटूला अंगाने अडवायचं), सरळ रिंगकडे धावायचं, लॉब (उंच पास) आला की डंक, म्हणजे चेंडू थेट रिंगमध्ये कोंबायचा. एटन मात्र स्क्रीन लागायच्या आधीच सटकतो, मध्येच थांबतो आणि पंधरा फुटांवरून हळुवार जंपर (उडी मारून फेक) टाकतो. जातोही आत बऱ्याचदा, पण एवढ्या धिप्पाड माणसाला फाउल झाल्यावरचे फ्री थ्रो इतके कमी मिळावेत? २०२१मध्ये एटनच्या तेव्हाच्या फीनिक्स संघाला फायनलपर्यंत नेताना सहकारी ख्रिस पॉल त्याच्या मागे लागून त्याला धावायला लावायचा. लुका पास अफलातून देईल, पण असा पिच्छा पुरवेल असं वाटत नाही. ते काम रेडिकलाच करावं लागेल.