सोसायटी ग्रुप: कपाटासाठी 'जगायला शिकवणारी' पुस्तकं कुठली घ्यायची?

सेक्रेटरी (बी-१०१): नमस्कार मंडळी. गणपतीच्या वर्गणीतले चार हजार शिल्लक आहेत. मीटिंगमध्ये ठरल्याप्रमाणे क्लब हाऊसच्या रिकाम्या कपाटासाठी पुस्तकं आणायची आहेत. बऱ्याच जणांना 'आयुष्यावरची, प्रेरणा देणारी' हवीत. नावं सुचवा. पुस्तकांव्यतिरिक्त कृपया काही टाकू नये.

कुलकर्णीकाकू (ए-२०१): 🌹 शुभ सकाळ. हसत राहा, जग जिंका 🌹

सेक्रेटरी: काकू 🙏

केतकी (सी-२०३): 'अ‍ॅटॉमिक हॅबिट्स' घ्याच. जेम्स क्लिअर, २०१८. उपदेश कमी, युक्त्या जास्त. त्याचं म्हणणं एवढंच की इच्छाशक्तीवर विसंबू नका, आजूबाजूची मांडणी बदला. जे करायचंय ते डोळ्यांसमोर ठेवा, जे टाळायचंय ते हाताला लागणार नाही असं ठेवा. माझी पेटी किती वर्षं खोळीत, कपाटावर होती. खाली काढून दिवाणावर ठेवली, खोळ फेकून दिली. आता येता-जाता हात जातोच. खालच्या मजल्यावरचे साक्षीदार आहेत.

देशमुख (सी-१०३): साक्षीदार नाही, पीडित 😄

देशपांडेकाका (ए-३०२): रोज एक टक्का सुधारलात तर वर्षाअखेर ३७ पट, तेच ना हे पुस्तक? नातवाने दाखवलं होतं. गणित बरोबर आहे. १.०१ चा ३६५ वा घात ३७.७८ येतो. पण माणूस म्हणजे मुदत ठेव आहे का, चक्रवाढ व्याज लावायला?

केतकी: काका, तो आकडा डोक्यात बसावा म्हणून आहे हो. तो सोडून द्या. दोन मिनिटांचा नियम बघा. कुठलीही नवी सवय दोन मिनिटांत उरकेल इतकी लहान करून सुरू करायची. 'रोज तासभर वाचेन' म्हणायचं नाही, 'रोज एक पान' म्हणायचं.

देशपांडेकाका: हे समर्थांनी आधीच सांगून ठेवलंय. दासबोध, अकरावा दशक, तिसरा समास. 'प्रातःकाळी उठावे, काही पाठांतर करावे.' आणि पुढे? 'यथाशक्ती आठवावे.' यथाशक्ती म्हटलंय, लक्षात घ्या. अमेरिकेतून आलं की सायन्स, आणि आपलं ते पोथी.

ओंकार (सी-५०१): काका, दासबोधात ग्रुप अ‍ॅडमिनसाठी काही आहे का?

देशपांडेकाका: अ‍ॅडमिनसाठी नाही, सभासदांसाठी आहे. दुसरा दशक, पहिला समास, मूर्खलक्षणे. 'दोघे बोलत असती जेथे, तिसरा जाऊन बैसे तेथे, डोई खाजवी दोही हाते, तो एक मूर्ख.'

ओंकार: 🤐

कुलकर्णीकाकू: माझ्या सुनेने 'इकिगाई' आणलंय, म्हणजे जपानीत जगण्याचं कारण. छान आहे. जपानी लोक पोट ८० टक्केच भरतात म्हणे. त्याला हारा हाची बु म्हणतात.

केतकी: काकू, मला ते जरा पातळ वाटलं. आणि लिहिणारे दोघं स्पेनचे आहेत. ती चार वर्तुळांची आकृती सगळे फिरवतात ना, काय आवडतं, काय जमतं, जगाला काय हवंय, पैसे कशाचे मिळतात, ती मुळात जपानची नाहीच. 'पर्पज'ची, म्हणजे जगण्याच्या उद्देशाची, आकृती आधीपासून होती. २०१४ मध्ये एका ब्लॉगलेखकाने मधला शब्द बदलून तिथे इकिगाई लिहिलं आणि तेच जगभर गेलं.

कुलकर्णीकाकू: वर्तुळं मी वाचलीच नाहीत. मला ओकिनावातल्या त्या ओगिमी गावातल्या आज्या आवडल्या. त्यांच्यात 'मोआई' असतं. ठरावीक माणसं दर महिन्याला ठरावीक रक्कम काढतात, एकत्र जमतात, खातात, गप्पा मारतात, कुणाला अडचण आली तर त्यातून पैसे देतात. मी सुनेला म्हटलं, अगं ही तर आमची भिशी! आमच्यावर कोणी पुस्तक नाही लिहिलं.

देशमुख: काकू, तुमच्या भिशीतलं ८० टक्के पोट आम्ही पाहिलंय.

ओंकार: आमच्या टीवायच्या सायकॉलॉजीच्या सिलॅबसमधला एक माणूस सुचवतो, अल्बर्ट एलिस. १९५५ च्या सुमाराला त्याने विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, ती आता आरईबीटी म्हणून ओळखतात. मराठीत त्याच्यावर अंजली जोशींचं पुस्तक आहे. मुद्दा साधा आहे. घटना 'ए', तिच्याबद्दल माझ्या डोक्यातली समजूत 'बी', आणि होणारा त्रास 'सी'. आपण म्हणतो 'ए'मुळे 'सी' झालं. एलिस म्हणतो, मधला 'बी' तपासा. उदा. माझ्या जागेवर कोणीतरी गाडी लावली, हे 'ए'. 'असं होताच कामा नये, लोकांनी नियम पाळलेच पाहिजेत', हे 'बी'. रात्री साडेअकराला ग्रुपवर कॅपिटल अक्षरांत मेसेज, हे 'सी'.

माने (बी-२०२): माझ्याबद्दल बोलतोयस का रे?

ओंकार: काका, उदाहरण आहे.

माने: गाडी माझ्याच जागेवर होती. 'बी' तपासून ती हलत नाही.

ओंकार: हलत नाही, मान्य. एलिसही तक्रार करू नका असं म्हणत नाही. 'पाळलेच पाहिजेत'च्या जागी 'पाळले तर बरं' आणा म्हणतो. तक्रार तीच करायची, बीपी न वाढवता.

पाटीलवहिनी (बी-४०४): नाइट ड्यूटी संपवून आत्ता वाचतेय सगळं. माझ्याकडून एकच नाव, व्हिक्टर फ्रँकल, 'अर्थाच्या शोधात'. तो व्हिएन्नाचा मानसोपचारतज्ज्ञ होता, ज्यू. अमेरिकेचा व्हिसा हातात होता, पण आई-वडील मागे राहतील म्हणून गेला नाही. १९४२ मध्ये सगळ्यांना नाझींच्या छळछावणीत नेलं. पुढे ऑशविट्झची छावणी. वडील, आई, बायको, कोणी उरलं नाही. कोटात लपवलेलं हस्तलिखितही गेलं. १९४५ मध्ये सुटल्यावर नऊ दिवसांत हे पुस्तक तोंडी सांगून लिहून घेतलं.

यादीतली बाकीची पुस्तकं 'मी कसा चांगला होईन' विचारतात. फ्रँकल म्हणतो, अर्थ आपल्या आत खणून सापडत नाही. तो बाहेर असतो: एखादं काम, एखादं माणूस, किंवा जे टळणार नाही ते आपण कसं सोसतो ते. मला ते पटतं, कारण स्वतःला सुधारत बसलेला माणूस दिवसभर स्वतःकडेच बघत बसतो.

त्यातला एक प्रसंग सांगते. एक म्हातारे डॉक्टर त्याच्याकडे आले. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती, दुःखातून बाहेरच येत नव्हते. फ्रँकलने उपदेश केला नाही. विचारलं, तुम्ही आधी गेला असता तर? ते म्हणाले, तिला फार सोसावं लागलं असतं. फ्रँकल म्हणाला, मग ते सोसणं तुम्ही तिचं वाचवलंत, त्याची किंमत आता मागे राहून तुम्ही देताय. डॉक्टर काही न बोलता हात मिळवून निघून गेले. दुःख तेवढंच राहिलं, त्याला जागा मिळाली. आमच्या वॉर्डात नातेवाइकांशी बोलताना मला हेच पान आठवतं.

देशपांडेकाका: वहिनी, हे आधी घ्या. माझं नाव दुसऱ्या नंबरला.

शिंदेसर (ए-१०३): वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' अजून कोणी कसं सुचवलं नाही? १९८१ पासून मराठी घरांत वाचलं जातंय.

केतकी: सर, वाचलंय, शाळेत बक्षीस मिळालं होतं. पण थोरांची चरित्रं वाचून मला नेहमी खुजं वाटतं. गुलामीत जन्मलेलं पोर शास्त्रज्ञ होतं, आणि माझ्याकडे एसी असूनही रिपोर्ट वेळेत होत नाही.

शिंदेसर: थोरपणाची पानं सोड. टस्कीगीचं, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या त्या शाळेचं, प्रकरण पुन्हा वाच. १८९६ मध्ये कार्व्हर तिथे गेला तेव्हा प्रयोगशाळाच नव्हती. पोरांना घेऊन उकिरड्यावरून बाटल्या, डबे, तारा गोळा केल्या आणि त्यातून उभी केली. कापसाने जमीन खंगलेली. त्याने भुईमूग, चवळी लावायला सांगितली, कारण त्यांच्या मुळांवरचे जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात. मी यवतमाळकडचा. आमच्याकडे कापसात तुरीच्या ओळी घालतात ते याच हिशेबाने. शेतकरी शाळेत येणार नाही हे कळल्यावर १९०६ मध्ये त्याने शाळाच घोडागाडीत घातली आणि गावोगाव नेली. वहिनी म्हणतात ते 'बाहेर बघणं' ते हेच. तुला खुजं वाटतं कारण तू शेवट बघतेस. मला त्या बाटल्या दिसतात.

केतकी: बरं सर. उकिरड्याचं मला आठवतच नव्हतं. पुन्हा वाचते.

माने: 'द सिक्रेट' नको कोणी आणू. मनापासून मागितलं की मिळतं म्हणे. मी पार्किंग मनापासूनच मागतोय.

सेक्रेटरी: तर यादी: फ्रँकल दोन प्रती, कार्व्हर दोन प्रती, अ‍ॅटॉमिक हॅबिट्स मराठी एक, एलिसवरचं एक. इकिगाई काकूंच्या सुनेकडून, ती वाचून झाल्यावर. दासबोध विकत आणायचा नाही, निम्म्या घरांत आहे.

देशपांडेकाका: माझ्याकडे दोन आहेत, एक देतो. पण पेन्सिलच्या खुणा खोडायच्या नाहीत.

कुलकर्णीकाकू: कार्व्हर मला पहिलं. आणि कपाटाची किल्ली वॉचमनकडे ठेवू नका, तो दुपारी सापडत नाही.

सेक्रेटरी: किल्ली माझ्याकडे राहील. रविवारी दुकानात जातोय, बिलाचा फोटो इथेच टाकतो.